कोण धावून येणार?

भर दुपारी रस्त्याच्या कडेला एक माणूस आडवा पडला आहे. अंगाला दरदरून घाम फुटला आहे, बोलणे असंबद्ध आहे, उठवायला गेले तर हात झटकून देतो. येणारेजाणारे क्षणभर थांबतात, “टाकून आलेला दिसतोय” असे म्हणतात आणि पुढे जातात. कदाचित त्याने खरोखरच दारू घेतली असेल. पण रक्तातील साखर एकदम उतरलेल्या मधुमेही माणसाचीही अशीच अवस्था होते. फीट येऊन गेल्यावर काही वेळ माणूस असाच गोंधळलेला असतो. डोक्याला मार लागला असेल तरीही असेच दिसते.

समजा, कोणी तरी फोन केला. आता येणार कोण? पोलीस आले, तर तो दारूडा ठरून रात्रभर कोठडीत राहण्याची शक्यता अधिक. प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस आला, तर बोटाला सुई टोचून आधी साखर पाहील. माणूस तोच, लक्षणेही तीच. पण धावून येणारा कोण आहे, यावर त्याचे पुढे काय होणार हे ठरते.

पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या सेवांचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्रांविषयी बोलतो: वेगवान गाड्या, बिनतारी संदेश, भोंगे. या लेखात आपण तो दुसऱ्या बाजूने पाहणार आहोत. गुन्हा, आजार, व्यसन, गरिबी यांची सरमिसळ झालेली संकटे या सेवांनी कशी हाताळली, आणि ‘कोणी जायचे’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना कसे सापडत गेले, ते पाहू.

एक क्रमांक, तीन कप्पे

१० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमधील विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरांच्या घराला आग लागली आणि पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या एका गृहस्थांनी आग पाहताच टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला होता. पण त्या काळी आगीचा फोन आणि गप्पांचा फोन एकाच रांगेत उभे असत. ऑपरेटर उचलेपर्यंत ते ताटकळत राहिले. संतापून त्यांनी ‘टाइम्स’ या वृत्तपत्राला पत्र लिहिले, सरकारी चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला.

९९९च का? जुन्या टेलिफोनला बोटाने फिरवायची तबकडी असे. एक आकडा फिरवला की तारेतून विजेचा एक ठोका जाई, दोन फिरवला की दोन. वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागल्या तरी एक ठोका जायचा, म्हणजे १११ हा क्रमांक आपोआपही लागू शकला असता. सार्वजनिक फोनवरून नाणे न टाकता शून्य फिरवण्याची सोय आधीच होती, आणि ती शेजारच्या ९ला लागू करणे सोपे होते. शिवाय धुरात किंवा अंधारात नुसत्या स्पर्शानेही ते भोक सापडे. खिशात नाणे नसलेल्या, घाबरलेल्या माणसाचा विचार या योजनेत केलेला होता. हा फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. पहिल्याच आठवड्यात हजाराहून अधिक फोन आले.

फोन उचलल्यावर ऑपरेटर विचारत असे: पोलीस, आग की रुग्णवाहिका? म्हणजे क्रमांक एक असला तरी त्यामागे कप्पे तीनच होते. जगातल्या कोणत्याही संकटाला यांपैकी एका कप्प्यात बसावेच लागे. आपल्याकडेही १००, १०१ आणि १०२ अशी विभागणी होती. घर जळत असेल तर प्रश्न नाही. पण नवरा मारतो आहे, मुलगा वेड लागल्यासारखा वागतो आहे, शेजारी विष प्यायला आहे, अशा वेळी कोणता कप्पा?

१९६५ साली एलेन कमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका शहराच्या पोलिसांकडे ८२ तासांत आलेल्या ८०१ फोनचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोलिसांचे काम म्हणजे चोर पकडणे, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक फोन आजारपण, घरातली भांडणे, हरवलेली माणसे, त्रास देणारी मुले अशा कारणांसाठी मदत मागणारे होते. फोन करणाऱ्यांत गरीब लोक बरेच होते. त्यांना फोन करायला ना घरचा डॉक्टर होता, ना वकील. चोवीस तास जागे असणारे एकच दार त्यांना ठाऊक होते आणि ते पोलिसांचे होते.

शववाहिका आणि पोलिसांची गाडी

त्या काळातील अमेरिकेत रुग्णवाहिका नव्हत्या का? होत्या, पण कशा? १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांवर एक अहवाल काढला. १९६५ या एका वर्षात अमेरिकेत १,०७,००० माणसे अपघातांनी मेली होती. याच अहवालात म्हटले होते की देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवतात. कारण साधे होते. माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे!

पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात हे काम पोलिसांकडे होते. आरोपींना न्यायची बंद गाडी येई, दोन पोलीस रुग्णाला उचलून मागे ठेवत, दोघेही पुढे बसत आणि गाडी रुग्णालयाकडे पळे. मागे रुग्णाजवळ कोणी नसे. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत अडचण दुहेरी होती. पोलिसांची गाडी तेथे वेळेवर येण्याची खात्री नव्हती, आणि घरात कोणी आजारी असले तरी दारात पोलीस बोलवायला लोक कचरत.

नोव्हेंबर १९६६ मध्ये या शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका प्रचारसभेत कोसळले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्यांच्या मेंदूची भरून न येणारी हानी झाली होती. काही दिवसांनी ते वारले. वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला रोज येणारी गोष्ट आता शहरातील सर्वांत वजनदार माणसाच्या वाट्याला आली होती.

साफर यांचा प्रयोग

त्याच शहरात पीटर साफर नावाचे ऑस्ट्रियात जन्मलेले भूलतज्ज्ञ काम करत होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बाल्टिमोर येथे एक धाडसी प्रयोग केला होता. काही स्वयंसेवकांना गुंगीचे आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन त्यांचा श्वास थांबवण्यात आला आणि दुसऱ्यांनी त्यांच्या तोंडात तोंडाने हवा भरून त्यांना जगवले. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर सोडतो त्या हवेत सुमारे १६ ते १७ टक्के. म्हणजे आपल्या उच्छ्वासातही दुसऱ्याला पुरेल इतका ऑक्सिजन शिल्लक असतो. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो आणि डोके मागे कलवले की तो मोकळा होतो, हेही साफर यांनी दाखवून दिले. यालाच छातीवर दाब देण्याच्या पद्धतीची जोड मिळून आज सर्वत्र शिकवली जाणारी जीवरक्षक कृती तयार झाली.

या प्रयोगातील एक बारकावा शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. हवा भरणाऱ्यांत सामान्य माणसेही होती, अगदी बालवीरसुद्धा. साफर यांना नेमके हेच दाखवायचे होते. श्वास आणि हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. तेवढ्यात डॉक्टर पोहोचणे शक्य नाही. मग डॉक्टरांचे काही ज्ञान जवळच्या माणसाच्या हातात द्यायला हवे.

१९६६ साली साफर यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. यानंतर त्यांनी रुग्णालयाबाहेरच्या उपचारांचे काम अधिकच जिद्दीने हाती घेतले.

फ्रीडम हाउसची माणसे

फिल हॅलन हे एका धर्मादाय निधीचे प्रमुख होते. एके काळी त्यांनी स्वतः रुग्णवाहिका चालवली होती. हिल डिस्ट्रिक्टमध्ये ‘फ्रीडम हाउस’ नावाची संस्था बेकार कृष्णवर्णीयांना रोजगार मिळवून देण्यासाठी झटत होती. हॅलन, फ्रीडम हाउस आणि साफर १९६७ साली एकत्र आले. वस्तीत रुग्णवाहिका नाही आणि वस्तीतल्या तरुणांना काम नाही, हे दोन प्रश्न एकमेकांचे उत्तर होऊ शकतात, असे त्यांना वाटले.

निवडलेल्या तरुणांपैकी कित्येकांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती. काही जण व्हिएतनामच्या युद्धातून परतले होते. ‘कामाला न लावता येणारे’ असा शिक्का त्यांच्यावर बसलेला होता. साफर यांनी त्यांना सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम शिकवला: शरीररचना, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, छातीवर दाब देणे, रक्तस्राव थांबवणे, बाळंतपण. काहींना तर आधी शालेय परीक्षेची तयारी करून घ्यावी लागली. त्या काळी इतके शिक्षण घेतलेली रुग्णवाहिकेतील माणसे जगात फार थोड्या ठिकाणी होती. गाडीची रचनाही साफर यांनी बदलली. रुग्णाच्या डोक्याशी बसून काम करता येईल इतकी जागा ठेवली आणि आवश्यक उपकरणे आतच बसवली.

१९६८ साली सेवा सुरू झाली. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि हिल डिस्ट्रिक्टमध्ये जाळपोळ उसळली. वस्ती आणि पोलीस यांच्यात उरलासुरला विश्वासही संपला होता, नेमके ते हे वर्ष. पहिल्या वर्षात फ्रीडम हाउसकडे ५,८६८ फोन आले आणि ४,६२७ रुग्णांना त्यांनी रुग्णालयात पोहोचवले. सुमारे २०० जीव वाचले, असा साफर यांचा हिशोब होता.

नुसत्या कौतुकावर भिस्त न ठेवता त्यांनी मोजमापही केले. १९७२ साली सुमारे १,४०० रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. गंभीर रुग्णांना वाटेत योग्य उपचार मिळाले का, हा प्रश्न होता. फ्रीडम हाउसच्या बाबतीत ८९ टक्के वेळा उत्तर ‘होय’ आले, पोलिसांच्या बाबतीत ३८ टक्के आणि इतर स्वयंसेवी रुग्णवाहिकांच्या बाबतीत १३ टक्के. पोलीस वाईट होते म्हणून असे झाले नाही. त्यांना हे काम कोणी शिकवलेच नव्हते.

हेरॉइनचे उदाहरण घ्या. या मादक द्रव्याची मात्रा जास्त झाली की मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते आणि माणूस श्वास घ्यायचा थांबतो. पोलिसांच्या नजरेने पाहिले तर खोलीत एक गुन्हेगार पडलेला असतो. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर श्वास थांबलेला एक रुग्ण असतो आणि हातात चारसहा मिनिटे असतात. नॅलोक्सोन हे औषध मेंदूतील ज्या जागांना हेरॉइन चिकटते त्याच जागा बळकावते आणि श्वास परत सुरू होतो. हे औषध रस्त्यावर, घरात, जागच्या जागी देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पथकांत फ्रीडम हाउसची गणना होते. दारात पोलीस नाहीत, ओळखीचे चेहरे आहेत, म्हणून लोक वेळेवर फोन करत, हेही तितकेच महत्त्वाचे होते.

१९७४ साली नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टर फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या स्वतः गाडीवर जात. या अनुभवातून त्यांनी रुग्णवाहिकेतील मदतनिसांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार केला आणि १९७९ साली पाठ्यपुस्तकही लिहिले. पुढे देशोदेशींच्या मदतनिसांनी ते अभ्यासले.

यशाचा शेवट

इतके सिद्ध झाल्यावर ही सेवा वाढायला हवी होती. पण १९७५ साली महापौर पीटर फ्लॅहर्टी यांच्या कारकिर्दीत पिट्सबर्ग शहराने स्वतःची रुग्णवाहिका सेवा सुरू केली आणि ऑक्टोबरमध्ये फ्रीडम हाउस बंद पडले. कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घेण्याचे आश्वासन मिळाले. प्रत्यक्षात जुनी पथके फोडण्यात आली, नव्या परीक्षा लावण्यात आल्या, आणि ज्यांनी इतरांना शिकवावे अशा अनुभवी माणसांना दुय्यम कामे देण्यात आली. काही वर्षांत बहुतेक जण बाहेर पडले. पद्धत टिकली, अभ्यासक्रम देशभर गेला; ज्यांनी तो प्रथम अंगावर पेलला ती माणसे मात्र बाजूला सारली गेली. नव्या सेवेत टिकून वरच्या पदापर्यंत पोहोचलेले जॉन मून यांच्यासारखे थोडेच.

या घटनेकडे नुसता अन्याय म्हणून पाहून चालणार नाही. त्यात एक व्यावहारिक तोटाही आहे. फ्रीडम हाउसच्या यशात दोन घटक होते: वैद्यकीय ज्ञान आणि वस्तीचा विश्वास. ज्ञान पुस्तकात लिहून दुसऱ्या शहराला पाठवता येते. विश्वास असा पाठवता येत नाही. तो प्रत्येक ठिकाणी नव्याने मिळवावा लागतो.

मुंबईतील दोन प्रयोग

हाच प्रश्न आपल्याकडेही वेगळ्या रूपात उभा राहिला. नवऱ्याने मारलेली स्त्री पोलीस ठाण्यात आली की “हा घरचा मामला आहे” असे सांगून तिला परत पाठवणे सर्रास चाले. १९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ कायद्यात आले. पण कलम लावणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे. त्या रात्री ती झोपणार कुठे, मुलांचे काय, तिची बाजू शांतपणे ऐकणार कोण? १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच कचेरीत बसू लागल्या. पोलिसांचा दरारा आणि समाजकार्यकर्तीचे कान, दोन्ही एकाच छताखाली आले. पुढे राज्य शासनाने ही कल्पना उचलली आणि असे कक्ष महाराष्ट्रात इतरत्रही सुरू झाले.

दुसरा प्रयोग रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांचा. या मुलांना मार बसतो, ती आजारी पडतात, हरवतात. पण १०० क्रमांक फिरवायला ती धजत नाहीत, कारण त्यांना पोलिसांचीच भीती वाटते. हिल डिस्ट्रिक्टमधील माणसांची अडचण आठवा. जून १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, याच संस्थेचा प्रकल्प म्हणून, मुंबईत ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. क्रमांक १०९८. तो ‘दस-नौ-आठ’ असा उलट्या मोजणीसारखा म्हणायचा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही तोंडी बसतो. फोनला पैसे पडत नसत. ९९९ची आखणी करणाऱ्यांनी खिशात नाणे नसलेल्या माणसाचा विचार केला होता. येथे खिसाच नसलेल्या मुलाचा विचार होता. पुढे ही सेवा देशभर पसरली आणि २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे सोपवण्यात आली.

दरम्यान आपले क्रमांकही बदलले. २००५ साली आंध्र प्रदेशात १०८ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, २०१४ साली ती महाराष्ट्रात आली. २०१८ सालापासून ११२ हा एकच राष्ट्रीय क्रमांक राज्याराज्यांत लागू होत गेला. एक क्रमांक ही मोठी सोय आहे. पण ९९९च्या काळापासूनचा धडा विसरता कामा नये: फोन एकाच ठिकाणी आला, तरी प्रत्येक फोनला एकच उत्तर पुरत नाही.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांना आपल्या गावात किंवा वस्तीत घडू शकतील अशी दहा संकटे लिहायला सांगावीत. प्रत्येकासमोर तीन रकाने: आपण कोणाला बोलवू, प्रत्यक्षात कोण येईल, आणि खरे तर कोण यायला हवे. दुसरा आणि तिसरा रकाना जुळत नाहीत अशी उदाहरणे फळ्यावर घ्यावीत. त्यांवर होणारी चर्चा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील प्रश्नोत्तरांपेक्षा खूप पुढे जाते. दारूडा, वेडा, भुरटा चोर हे शब्द आपण किती पटकन वापरतो, हेही मुलांच्याच लक्षात येते.

आणि एक तास छातीवर दाब देण्याची कृती शिकवण्यासाठी जरूर राखून ठेवावा. जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर किंवा परिचारिका यांना बोलवावे. दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो, आणि तो किती दमवणारा असतो हे प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. नववी-दहावीची मुले हे सहज शिकू शकतात. शाळा सोडलेल्या, बेकार तरुणांना याहून कितीतरी अवघड गोष्टी शिकवता येतात, हे हिल डिस्ट्रिक्टमध्ये पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. सुरुवातीच्या प्रसंगातील तो माणूस अजून रस्त्याच्या कडेला पडलेला आहे. त्याच्याजवळ सर्वांत आधी पोहोचणारा कदाचित तुमच्या वर्गातला विद्यार्थीच असेल.